गटात न बसणारा

प्रश्न क्रमांक सतरा मीच लिहिला होता,
उलानबातरमधल्या चौथ्या मजल्यावर,
रेडिएटरला पाठ टेकून.
गटात न बसणारा ओळखा:
उंट, गाय, बकरी, मेंढी.
उत्तर: उंट. त्याला शिंगं नसतात.
चहा निवायच्या आत लिहून झाला.

फेब्रुवारीत झवखानहून पेटी आली.
उत्तरपत्रिकांना शेणाच्या धुराचा वास होता.
यंत्राला वास येत नाही. यंत्र गोल बघतं,
काळा की पांढरा.
अर्धवट भरलेला गोल म्हणजे कोरा;
बोटं गारठली होती की मन डळमळत होतं
याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तीनशे बारा मुलांपैकी दोनशे सहा जणांनी
मेंढीचा गोल काळा केला होता.
पुरेवदोर्ज म्हणाला, "कॉपी."
आमच्या कचेरीत सगळ्या आश्चर्यांना
हे एकच नाव आहे.

म्हणून मला पाठवलं. दोन दिवस जीप,
मग शाळेचं वसतिगृह, लोखंडी खाटा,
आणि नऊ वर्षांची सुगरमा:
फुटलेले ओठ, चावून चपटी केलेली पेन्सिल.
मी विचारलं, मेंढीच का गं?
मोठ्या माणसाला बुटाची नाडी बांधता येत नसली
तर मुलं जशी बघतात, तशी ती बघत राहिली.

"मेंढी उष्ण नाकाची. घोडा आणि मेंढी.
उंट, गाय, बकरी थंड नाकाची.
वादळ आलं की बाबा बकऱ्या आधी आत घेतात."
मग जरा थांबून, माझी कीव करत:
"आणि शिंगं एडक्याला असतात.
आमच्या मेंढ्यांना कुठं आहेत?"

हे मला माहीत होतं.
हेच सांगायला मी इथवर थांबले आहे.
चालायला लागायच्या आधीपासून माहीत होतं,
आजोबांच्या खांद्यावरून कळप मोजताना.
पण दहाव्या वर्षी मलाही असाच एक कागद मिळाला,
आणि मी ओळखलं की कागदाला काय हवंय.
मी उंट म्हटलं. मग पुढे
प्रत्येक कागदावर उंटच म्हणत गेले,
थेट चौथ्या मजल्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी गोल काढून टाकले.
कोरे कागद वाटले: कारणासह लिहा.
सुगरमानं पान भरलं, मागची बाजूही भरली.
लुव्सन मात्र कागदाकडे बघत बसला,
बर्फावरची वाट बुजल्यावर बघावं तसा.
अक्षरं त्याच्या हातात येईनात.
ज्या परीक्षेनं एकीला वाचा दिली
तिनंच दुसऱ्याची नेली.
संध्याकाळी चुलीपाशी मी त्याच्यापुढे
मेंढीच्या घोट्याची हाडं ओतली.
त्यानं बोटाच्या एका फटक्यात मांडली:
घोडे इकडे, उंट तिकडे,
किती उलटी, किती सुलटी, अजून किती लागतील,
मी बोलायच्या आधी उत्तर.
ते नोंदवायला माझ्या तक्त्यात
रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.
समास यंत्र वाचत नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. पुरेवदोर्ज खुशीत होता.
समितीनं ठरवलं: शहर आणि माळ
यांच्यात फार फरक दाखवतो, सबब
प्रश्न सतरा रद्द. सर्वांना एक गुण.

सुगरमाला सांगितलं.
"सगळ्यांना?"
सगळ्यांना.
"उंटवाल्यांना पण?"
हो.
"ज्यांनी काहीच केलं नाही त्यांना पण?"
हो.
ती बराच वेळ पेन्सिल चावत राहिली.
"म्हणजे माझं बरोबर होतं की चूक?"

जीपचं इंजिन तापेना. बाहेर उणे एकतीस.
ड्रायव्हर बॉनेटखाली शिव्या घालत होता.
कुणी बघत नाहीसं पाहून
मी हातमोजा काढला
आणि स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला.